घरदुरुस्तीचं काम ठेकेदाराला द्यावं की कारागीर स्वतः लावावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, ठाणे, मुंबईकडचे फ्लॅट आणि गावाकडची जुनी घरं यांची दुरुस्ती काढताना लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं आहेत. नवीन बांधकामाचा विषय यात घेतलेला नाही.

ठेकेदार लावायचा की नाही, हे कशावरून ठरवायचं?

बहुतेक जण खर्चाच्या आकड्यावरून ठरवतात. दोन लाखांचं काम असेल तर ठेकेदार कशाला, दहा लाखांचं असेल तर हवा. मला हा हिशेब पटत नाही. पाच लाखांचं निव्वळ फर्निचर एक चांगला सुतार कुणाच्याही मध्यस्थीशिवाय नीट करून देतो आणि दीड लाखाचं बाथरूम चार कारागिरांच्या हातात बिघडतं. बघायचं ते हे, की एकाच जागेवर किती वेगवेगळे कारागीर एकामागोमाग येणार आहेत आणि एकाचं काम दुसऱ्याच्या कामाखाली गाडलं जाणार आहे का.

बाथरूमच घ्या. आधी बिगारी जुन्या टाइल्स आणि कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर) फोडतो. मग प्लंबर नहाणी ट्रॅप (जमिनीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड), कमोडचं आउटलेट आणि भिंतीतले पाइप टाकतो. इलेक्ट्रिशियन गीझर आणि एक्झॉस्टसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे वायरच्या खाचा, मारतो. त्यानंतर वॉटरप्रूफिंगवाला खाली आणि भिंतीवर फूटभर वरपर्यंत कोटिंग चढवतो. पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते बघायचं. मग कोबा, प्लास्टर, टाइल्स, आणि शेवटी प्लंबर परत येऊन नळ, बेसिन, कमोड बसवतो.

आता समजा, सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका छताला ओल आली म्हणून दारात उभे राहिले. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, माझं कोटिंग झाल्यावर प्लंबरने ट्रॅप हलवला. प्लंबर म्हणतो, टाइल्सवाल्याने कोबा टाकताना पाइपाला धक्का दिला. टाइल्सवाला म्हणतो, ढाळ मी बरोबर काढला होता, खालचं मला काय माहीत. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असतं, आणि तिघांना तुम्ही वेगवेगळे पैसे दिलेले असतील तर फोडून परत करायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. हेच बाथरूम एका माणसाने अंगावर घेतलं असेल तर त्या तिघांचं भांडण त्याच्या घरात राहतं, तुमच्या घरात येत नाही.

म्हणून माझं साधं गणित असं आहे. एकाच खोलीत तीन किंवा अधिक प्रकारचे कारागीर लागणार असतील आणि भिंतीत किंवा जमिनीत काही गाडलं जाणार असेल, तर ठेकेदार लावा. एक किंवा दोन प्रकारचेच कारागीर असतील आणि केलेलं काम डोळ्यांना दिसणारं असेल, तर स्वतः लावा.

मग कोणत्या कामाला ठेकेदार नको?

रंगकाम, फर्निचर, खिडक्यांच्या जाळ्या, सेफ्टी डोअर, मॉड्युलर किचन, पंखे-दिवे बदलणं, गिलाव्याची किरकोळ डागडुजी. या कामांचा स्वतंत्र कारागीर किंवा दुकानदार असतो, तो पूर्ण काम घेतो आणि चूक झाली तर कुणाची झाली हे लगेच कळतं. त्यावर आणखी एक माणूस बसवण्यात अर्थ नाही.

ठेकेदार स्वतः हातात थापी धरत नाही. मग त्याला पैसे कशाचे द्यायचे?

घरदुरुस्तीचे ठेकेदार कारागिरांची मजुरी आणि मालाच्या किमतीवर साधारण १० ते २० टक्के स्वतःसाठी धरतात. कुणी ते वेगळे दाखवतात, बहुतेक जण दरातच मिळवून टाकतात. हा पैसा फुकटचा वाटतो, कारण त्यातलं काम दिसत नाही.

गवंडी सोमवारी आला नाही तर मंगळवारी दुसरा उभा करणं त्याच्याकडे असतं. होळीला उत्तरेकडचे सुतार आणि रंगारी गावी जातात, गणपतीला कोकणातली माणसं जातात. त्या आठवड्यांत कुठलं काम पुढे ढकलायचं आणि कुठलं आधी उरकायचं हे त्याला आधीच माहीत असतं. टाइल्सवाला यायच्या आदल्या दिवशी रेती आणि सिमेंट वर चढलेलं हवं, प्लंबरने पाइप उघडे ठेवले असतील तर त्यांची तोंडं बंद हवीत, प्लास्टरवर सात दिवस पाणी मारलं गेलं पाहिजे. ही कामं कुणाच्याच मजुरीत लिहिलेली नसतात. माणूस लावला नाही तर ती आपोआप होत नाहीत, आणि न झाल्याची किंमत पुढे भरावी लागते.

मात्र एक गोष्ट ठाम सांगतो. दिवसातून एकदाही साइटवर न फिरकणाऱ्या आणि फोनवरच सगळं चालवणाऱ्या माणसाला हे टक्के देऊ नका. तुम्ही पैसे त्याच्या हजेरीचे देता आहात.

आम्ही दोघंही नोकरी करतो. सुट्टे कारागीर लावून संध्याकाळी बघून चालेल का?

रंगाला चालेल. तोडफोडीच्या कामाला नाही. कारागिराला प्रश्न सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात पडतात. स्विचबोर्ड दाराच्या डाव्या बाजूला की उजव्या, बेसिनची उंची किती, जुना पाइप निघत नाही तर भिंत आणखी फोडायची का. विचारायला कुणी नसलं की तो स्वतःच्या अंदाजाने पुढे जातो, आणि संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत त्यावर प्लास्टर झालेलं असतं.

घरात सेवानिवृत्त आई-वडील असतात, त्यांना साइटवर बसवलं जातं. त्यांचा अनुभव आणि नजर मोलाची असते. पण धूळ आणि हातोड्याचा आवाज सोसत दिवसभर बसणं त्यांच्या तब्येतीला झेपेल का, हे आधी त्यांना विचारा. मोठं काम असेल तर मी ठेकेदाराच्याच बाजूने आहे.

ठेका मजुरीचा द्यावा की मटेरियलसकट?

निव्वळ मजुरीच्या ठेक्यात माल तुम्ही आणता. पैसे वाचतात असं वाटतं, पण माल संपला की काम थांबतं आणि रिकाम्या बसलेल्या दिवसाचा वाद सुरू होतो. सिमेंटची पोती किती लागली, किती वाया गेली, याचा हिशेबही लागत नाही. सगळंच मटेरियलसकट दिलं तर ठेकेदार स्वस्त वस्तू घालून नफा वाढवतो ही भीती असते, आणि ती खरी आहे.

मला पटलेली वाटणी अशी. जे डोळ्यांना दिसतं आणि आवडीनिवडीचं आहे ते स्वतः विकत घ्या: टाइल्स, नळ, कमोड, बेसिन, स्विच, दिवे, लॅमिनेट. टाइल्स मोजमापापेक्षा पाच ते दहा टक्के जास्त घ्या आणि एकाच बॅचच्या घ्या, नाहीतर नंतर आणलेल्या पेटीचा रंग वेगळा निघतो. जे भिंतीत जातं ते ठेकेदाराकडे द्या, पण कंपनी, दर्जा आणि माप करारात लिहून घ्या: सिमेंट, पाइप, वायर, वॉटरप्रूफिंगचं केमिकल.

वॉटरप्रूफिंगचा माल आणि मजुरी तर कधीच वेगवेगळी ठेवू नका. केमिकल तुमचं आणि मजुरी त्याची असं झालं की गळतीच्या दिवशी तो तुमच्या केमिकलकडे बोट दाखवतो. माल आणि काम दोन्ही एकाकडे असेल तरच त्याच्या हमीला अर्थ आहे.

वायरच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: दिव्या-पंख्यांना १.५ स्क्वेअर एमएम, पॉवर पॉइंटला २.५ आणि एसी-गीझरला ४ ही घरगुती वायरिंगची नेहमीची मापं आहेत. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डात, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा, कारण शॉक लागल्यावर जीव वाचवणारा तोच असतो, जादा भार झाला की पडणारा नुसता एमसीबी नव्हे. सिंकखालच्या कपाटाला प्लायवूड आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचं मानक) छाप असलेलंच मागा, आणि दुकानात नव्हे तर घरात आल्यावर प्रत्येक शीटवरचा छाप वाचा.

इंटिरियर डिझायनर, आर्किटेक्ट आणि ठेकेदार यांत फरक काय? तिघंही हवेत का?

तिघं क्वचितच लागतात. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही, त्यामुळे कामाचा दर्जा माणसागणिक बदलतो. डिझायनर आराखडा आणि रंगसंगती देतो. काही जण ठेकाही स्वतःच घेतात. तिथे एक अडचण असते: काम बरोबर झालं की नाही हे सांगणारा आणि काम करून पैसे घेणारा माणूस एकच होतो. निदान बाथरूमच्या पाण्याच्या चाचणीला आणि वायरिंगच्या तपासणीला तुमच्या ओळखीचा एखादा सिव्हिल इंजिनिअर तासभर बोलवा. त्याची फी फार नसते.

ठेकेदाराकडे परवाना असतो का? तो कसा तपासायचा?

घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला महाराष्ट्रात असा सरसकट परवाना नाही. 'सार्वजनिक बांधकाम विभागाचे नोंदणीकृत ठेकेदार' असं कार्डावर छापलेलं दिसतं, पण ती नोंदणी सरकारी कामांसाठी असते. तुमच्या बाथरूमच्या दर्जाची खात्री तिच्यातून मिळत नाही. वीजकाम मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. वीजभार वाढवून घेताना महावितरणकडे त्याचाच चाचणी अहवाल लागतो. म्हणून मुख्य ठेकेदाराला पहिल्याच भेटीत विचारा, की वायरिंगवर सही कोण करणार.

मग चांगला ठेकेदार ओळखायचा कसा?

नुकतंच पूर्ण झालेलं घर दाखवतो म्हणाला तर त्याला सांगा, दोन पावसाळे काढलेलं घर दाखवा. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. जुन्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीजवळ खालच्या बाजूला हात फिरवा. रंग फुगलेला असेल, पापुद्रे सुटत असतील, तर आत पाणी मुरतंय. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. घरमालकाला एकच प्रश्न विचारा: काम संपल्यावर फोन केला तेव्हा तो आला का?

त्यानंतर सध्या चालू असलेली एक साइट न सांगता बघा. चालू साइट खोटं बोलत नाही. सिमेंटची पोती थेट जमिनीवर ठेवलीत की फळीवर, खिडकीत बसणाऱ्या कारागिराला काही आधार आहे का, फोडलेला माल जिन्यात पडलाय का, यावरून माणूस कळतो.

आणि विचारून घ्या, की तुमच्या कामावर रोज कोण असेल. बोलणी गोड बोलणाऱ्या मालकाशी होतात आणि साइटवर येतो कुठला तरी पोरगा, ज्याला टेप धरता येत नाही. त्या पोराला, म्हणजे सुपरवायझरला, आधी भेटा.

तीन कोटेशन घेतली, तिन्ही आकडे वेगळे आले. सर्वांत कमी निवडायचं का?

आधी तिन्हीत एकच काम लिहिलंय का ते बघा, कारण बहुधा लिहिलेलं नसतं.

'बाथरूम नूतनीकरण, लमसम' एवढीच ओळ असलेलं कोटेशन बाजूला ठेवा, आकडा कितीही कमी असो. चांगल्या कोटेशनमध्ये ओळी सुट्या असतात. जुन्या टाइल्स काढणं, इतके चौरस फूट. राडारोडा खाली नेणं आणि गाडीतून पाठवणं, इतक्या फेऱ्या. वॉटरप्रूफिंग, कुठल्या केमिकलचे किती हात. भिंतीच्या टाइल्स, इतके चौरस फूट. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइल्सची पट्टी), इतके रनिंग फूट. माल वर चढवण्याची मजुरी कुणाकडे. रेती ब्रासमध्ये लिहिली असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे माहीत असू द्या, म्हणजे लहानशा बाथरूमसाठी दोन ब्रास लिहिलेले दिसले की प्रश्न विचारता येतो.

मोजमापाची पद्धतही लिहून घ्या. रंगकामात दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत? काही जण वजा करत नाहीत आणि दर थोडा कमी लावतात, काही वजा करून जास्त दर लावतात. दोन्ही चालतं, पण शेवटच्या बिलाच्या दिवशी पद्धत बदलली की तेच भांडणाचं मूळ होतं.

सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा तीन गोष्टी गायब असतात: राडारोडा, वॉटरप्रूफिंगची चाचणी आणि रंगाआधीची भिंतीची तयारी. मग त्या 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून परत येतात. एक्स्ट्रा काम करण्याआधी दर लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, ही अट पहिल्या पानावर घाला.

पैसे कसे द्यायचे? उचल किती?

अर्धे पैसे आधी मागणारा ठेकेदार तुमच्या पैशांनी आधीच्या साइटचं काम पुरं करत असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीला दहा टक्के, फार तर पंधरा. सहा लाखांचं काम असेल तर साठ हजारांत तोडकाम आणि पहिला माल सुरू होतो. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा: तोडकाम आणि राडारोडा गेल्यावर, पाइप-वायर गाडून तपासून झाल्यावर, पाण्याची चाचणी पास झाल्यावर, टाइल्स झाल्यावर.

यातला तपासून झाल्यावरचा हप्ता सर्वांत महत्त्वाचा. भिंत बुजवण्याआधी पाइपात पंपाने दाब देऊन काटा तासभर खाली येत नाही ना ते बघा, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप लावून. पुढे कुणी भिंतीला ड्रिल मारेल तेव्हा हे फोटो कामाला येतात.

शेवटचे पाच ते दहा टक्के काम संपल्यावर लगेच देऊ नका. बाथरूमला वापर सुरू झाल्यापासून एक महिना, गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीला एक पावसाळा. हे आधी ठरवलं असेल तर चांगला ठेकेदार हरकत घेत नाही.

कारागिरांना परस्पर पैसे देऊ नका. सुतार एकटा दिसला आणि म्हणाला, 'साहेब, घरी पाठवायचेत, दोन हजार द्या', तर ते माणुसकीला धरून वाटतं. पण हिशेब तिथेच फिस्कटतो. ठेकेदाराला फोन लावा आणि त्याच्याकडून द्यायला सांगा. त्याने मजुरांचे पैसे थकवले असतील तर तेही त्याच फोनवर कळेल, आणि तेव्हा तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहा.

जीएसटीशिवाय करतो म्हणतो. घ्यावं का?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे लहान ठेकेदाराने जीएसटी न लावणं बेकायदा नसतं. नोंदणी असेल तर मटेरियलसकटच्या कामावर १८ टक्के कर लागतो. पण नोंदणी असूनही 'बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. बिल नाही म्हणजे उद्या तक्रार करायला पुरावा नाही. शिवाय घर विकताना सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा मागायचा असेल तर कागद लागतोच. नोंदणी नसलेल्याकडूनही सहीचं साधं बिल घ्या आणि पैसे बँकेतून द्या.

ठेकेदार म्हणतो, ही भिंत काढली तर काही होत नाही. विश्वास ठेवावा का?

त्याच्या शब्दावर नाही. हा प्रश्न ठेकेदाराचा नाहीच, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत भिंतीच वजन पेलतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कॉलम-बीमच्या इमारतीत विटांची आतली भिंत बहुधा फक्त आडोसा असते, पण आतून ड्रेनेजचा पाइप जात असू शकतो. आणि गेल्या काही वर्षांत पुणे-ठाण्यातले बरेच टॉवर मायवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात, बांधले गेले. तिथे जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि वजन पेलणाऱ्या असतात. दार रुंद करणं तर सोडाच, वायरसाठी खोल झिरी मारणंही चालत नाही. भिंतीवर टकटक करून आवाज भरीव आला आणि ड्रिल पुढे जाईना, तर थांबा आणि बिल्डरने दिलेला आराखडा काढा.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार फक्त आतल्या भागावर परिणाम करणाऱ्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगीतून सूट आहे. बाल्कनी बंद करून खोलीत घेणं त्यात बसत नाही. घर नवीन असेल तर आणखी एक बघा: रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने मोफत दुरुस्त करायचे असतात. तुम्ही भिंती-बाथरूम फोडलं की तो त्याच जागेच्या गळतीची जबाबदारी झटकतो. पाच वर्षं पुरी व्हायची असतील तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार करा, मग ठेकेदार शोधा.

सोसायटीची परवानगी आणि राडारोडा कोण बघणार?

परवानगी तुम्ही घ्यायची. सभासद तुम्ही आहात, ठेकेदार नाही. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) फेरफारासाठी समितीची आधी मंजुरी लागते. त्याबरोबर कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, अनामत रक्कम आणि मजुरांची ओळखपत्रं येतात. दुपारी दोन ते चार हातोडा बंद आणि रविवारी पूर्ण सुट्टी असेल, तर ते ठेकेदाराला कोटेशनच्या आधी सांगा. दिवसाचे दोन तास गेले की मजुरी वाढते.

राडारोडा करारात ठेकेदाराकडे द्या, पण तो कुठे जातो ते विचारा. नदीकाठी किंवा नाल्यात रात्री ओतला तर पकडल्यावर नाव तुमच्या पत्त्याचं निघतं. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.

मजूर पडला, शॉक लागला, तर जबाबदारी कुणाची?

कराराआधी ठेकेदाराकडे मजुरांच्या नुकसानभरपाईचा विमा आहे का ते विचारा, आणि पॉलिसीची प्रत मागा. 'आमच्याकडे कधी असं होत नाही' हे उत्तर पुरेसं नाही. सुट्टे कारागीर तुम्हीच लावले असतील तर मध्ये दुसरं कुणी नसतं. बाहेरच्या बाजूने, दोरीला लटकून किंवा उंच मचाणावर काही काम असेल, तर केवळ याच कारणासाठी ठेकेदार घ्या आणि पट्टा, हेल्मेट असल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. पैसे वाचवायचे तर टाइल्सच्या निवडीत वाचवा, माणसाच्या सुरक्षेत नको.

गावच्या घराची दुरुस्ती काढायची आहे, कोकणात. तिथेही हेच नियम?

नाही. चिऱ्याची भिंत, मंगलोरी कौलं, सागाचे किंवा फणसाचे वासे असलेल्या घराला शहरातला ठेकेदार नेऊ नका. तिथला गवंडी आणि तिथलाच सुतार हवा, ज्याने चिरा रचलेला आहे आणि कोनवाशाचा सांधा घातलेला आहे. सिमेंटचा जाड गिलावा चिऱ्यावर थापला की आत ओल अडकते, आणि शहरी मिस्त्री नेमकं तेच करतो. काम दिवाळीनंतर सुरू करून मे संपायच्या आत कौलं चढली पाहिजेत, म्हणून बोलणी गणपतीत गावी गेलात की तेव्हाच करून ठेवा. तिथे ठेकेदार नावाचा माणूस नसतो, पण मुख्य गवंड्याला सगळ्यांवर देखरेख करायला सांगून त्याची रोजची मजुरी थोडी वाढवून दिली तर तो ते काम करतो.

आम्ही परदेशात असतो, फ्लॅट पुण्यात आहे.

ठेकेदार लागणारच, आणि एकटा ठेकेदार पुरणार नाही. ज्याला ठेकेदाराकडून एक पैसाही मिळत नाही असा तपासणारा इंजिनिअर वेगळा नेमा आणि त्याने 'ठीक' लिहून दिल्याशिवाय टप्प्याचा हप्ता सोडू नका. नातेवाइकांवर हे ओझं टाकू नका. मावसभाऊ ठेकेदाराशी भांडू शकत नाही, आणि भांडला तर नात्यात कडवटपणा येतो.

सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. काम काढावं का?

गळती आणि वायरिंग तेवढं करा. बाकी थांबा. बोलणी पाच वर्षंही चालू शकतात, तोवर ओल्या भिंतीत राहायला नको. पण दोन वर्षांत पाडायच्या घरात इटालियन मार्बल घालायला मी कुणालाही सांगणार नाही.

गणपतीच्या आधी होईल का?

दोन बाथरूम, किचन, वायरिंग, रंग, असं दोन बीएचकेचं काम दोन ते तीन महिने घेतं. 'पंधरा दिवसांत' म्हणणारा एकतर पाण्याची चाचणी गाळणार आहे किंवा प्लास्टर सुकायच्या आत पुट्टी लावणार आहे. सण गाठायचा असेल तर मार्चमध्ये सुरुवात करा, जुलैमध्ये नको. पावसाळ्यात रंग सुकत नाही.

ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला. आता काय?

पहिलं काम म्हणजे दुसऱ्याला लगेच आत न घेणं. नव्या माणसाने हात लावला की जुन्याने काय केलं, काय नाही, हे सिद्ध करता येत नाही. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. एखाद्या इंजिनिअरकडून झालेल्या आणि राहिलेल्या कामाचं मोजमाप लेखी घ्या. मग ठेकेदाराला स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवर पत्र पाठवा: अमुक दिवसांत काम सुरू करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल करू. निम्मी माणसं या पत्रानंतर परत येतात, कारण राहिलेले पैसे त्यांनाही हवे असतात.

नाही आला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पैसे घेऊन सेवेत त्रुटी ठेवणं त्यात येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच जाते, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ठेकेदार कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची आहे. करार, बँकेतून दिलेले पैसे, व्हॉट्सअॅपवरचे एक्स्ट्रा आयटमचे मेसेज आणि ते फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवा, तारखेच्या क्रमाने.